शपथ न घेणाऱ्या बाईची साक्ष

हाय घिल, डेंटडेल
चौथा महिना, बारावा दिवस, १७६७

जोनस,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. गाय व्यायली, त्यात वासराला उभं राहता येईना, म्हणून लिहायचं राहिलं. आज मात्र तुझ्याकडे काम आहे. काम असलं की बहिणीला भाऊ आठवतो असं तू म्हणणारच, तर म्हण.

गिल्बर्ट मक्नॉट आठवतो का? स्कॉटलंडातून खांद्यावर गाठोडं टाकून येणारा फेरीवाला. सुया, रिबिनी, चष्मे विकतो. तू घरी होतास तेव्हा त्याचा बाप यायचा आणि आईला दरवेळी तीच कात्री विकायला बघायचा. तो गिल्बर्ट आता यॉर्कच्या किल्ल्यातल्या तुरुंगात आहे. मेंढ्या चोरल्याचा आळ आहे त्याच्यावर, आणि मेंढी चोरली की फाशी, हे तुला माहीतच आहे.

झालं असं. हिवाळा सरता सरता बर्फात तडफडत तो माझ्या दारी आला. अंगात ताप, दात वाजत होते. मी त्याला गोठ्याच्या माळ्यावर गवतात झोपवलं. पाजलेली पेजसुद्धा पोटात राहत नव्हती. जिना उतरायचं सोडाच, त्याला मान उचलवत नव्हती. नेमक्या त्याच रात्री खालच्या थर्सबीच्या मेंढ्या डोंगरावरून चोरीला गेल्या. गिल्बर्ट बरा होऊन पुढे निघाला, तर बाजारात त्याच्या गाठोड्यात थर्सबीच्या तांबड्या खुणेची लोकर सापडली. रस्त्यात एका माणसाकडून घेतली म्हणतो. माझा विश्वास आहे, पण तो मुद्दा नाही. मेंढ्या गेल्या तेव्हा तो माझ्या गोठ्यात होता, आणि हे मी सोडून कुणालाच ठाऊक नाही. माझ्या घरापुढे घर नाही, हे तुला काय सांगायचं.

मी मॅजिस्ट्रेटकडे गेले. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, वाईट वागला नाही. आपल्या रीतीने मी त्यालाही 'तू' म्हणत होते तसा तो लाल होत गेला, एवढंच. मग म्हणाला, शपथ घेशील का? मी म्हटलं, आम्ही क्वेकर शपथ घेत नाही, आम्ही शपथेविना नुसतं ठासून सांगतो, 'अफर्म' करतो, पार्लमेंटानेच तशी मुभा दिली आहे. त्यावर तो हसला. म्हणाला, बाई, ते लोकर, शेतसारा, मृत्युपत्र असल्या भांडणांत. जिथे मान जायची तिथे तुझं 'अफर्म' चालत नाही.

हे खरं आहे का? तू शिकलेला आहेस. आणि शिकलेला आहेस तर हेही सांग की हा शब्द आपल्याकडे आला कुठून. जो शब्द लोकरीच्या गठ्ठ्याला पुरतो, तो माणसाला का पुरत नाही?

तुझी बहीण
डॉर्कस


वॉल्मगेट, यॉर्क
२३ एप्रिल १७६७

प्रिय बहीण,

(तुझ्या हिशेबाने चौथा महिना. इथे सगळे एप्रिल म्हणतात आणि अजून कुणावर वीज पडलेली नाही.)

मॅजिस्ट्रेट खरं बोलला. कायद्यात तसंच आहे. मी इथल्या एका वकिलालाही विचारलं. फौजदारी खटल्यात आपल्या मित्रमंडळींतला, म्हणजे क्वेकर माणूस कठड्यात उभा राहायचा असेल तर त्याने इतरांसारखा बायबलचा ग्रंथ हातात घ्यायचा, शपथेचे शब्द ऐकायचे आणि ग्रंथाला ओठ लावायचे. नाही लावले तर त्याने बोलायचंच नाही. त्याच्या डोळ्यांदेखत खून झाला असला तरी नाही.

आता तुझा शब्द. शाळेतल्या पोरांसाठी मी शब्दांची एक वही करतोय, तेव्हा हा प्रश्न तू योग्य माणसाला विचारलास. 'अफर्म' हा रोमन लोकांचा शब्द. त्यांच्याकडे 'फर्म' म्हणजे घट्ट, पक्कं, हलवलं तरी न हलणारं. आपल्या फाटकाचा खांब हलायला लागला की बाबा बुडाशी दगड ठोकायचे, ते काम म्हणजे 'अफर्म' करणं. पुढे बोलणाऱ्यांनी तो शब्द बोलण्यासाठी उचलला. बोलणं हलू नये म्हणून ठासून सांगायचं. मग तो फ्रेंचांच्या तोंडी गेला, आणि त्यांचे सरदार आपल्यावर राज्य करायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर इथल्या कोर्टात आला. खालच्या कोर्टाचा निकाल वरच्याने कायम केला की तो 'अफर्म' झाला. असा तो कैक वर्षं वकिलांच्या विगांमध्ये धूळ खात पडला होता. शपथ नाकारणाऱ्या क्वेकरांना तुरुंगात कोंबून कोंबून पार्लमेंट दमलं तेव्हा त्यांनी तो तिथून काढला आणि आपल्या हातावर ठेवला. घ्या, शपथ नको ना, मग हे म्हणा. तोवर आजोबांना जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. गिल्बर्ट आत्ता आहे त्याच किल्ल्यात कैदेत ते वारले.

आणि गंमत बघ. जो शब्द आपण तोंडात घेत नाही तो, 'स्वेअर', म्हणजे शपथ घेणं, तो अस्सल इथला आहे. कुणी बाहेरून आणलेला नाही. उत्तर द्यायला आपण जो 'आन्सर' शब्द वापरतो, तोही त्याच्याच घरातला. म्हणजे घरचा शब्द पाप, आणि परक्या सरदारांचा, कोर्टाचा शब्द पुण्य. बाबा असते तर या वाक्याबद्दल मला जेवायला मिळालं नसतं.

गिल्बर्टला भेटून आलो. खंगलाय. कोठडीत तिघे-चौघे आहेत, सगळे खोकतात. मी कोण ते सांगितलं तर त्याने पहिलं काय विचारावं? गाय व्यायली का. तो आजारी असताना तू त्याला सांगत होतीस म्हणे, की गाय गाभण आहे. वासराला उभं राहता येत नाही हे मी सांगितलं, तेव्हापासून त्याला तीच काळजी. खटला जुलैत.

मी मजेत आहे. शाळा बरी चालली आहे. संध्याकाळी कॉफीहाऊसात चार मंडळी जमतात, गप्पा रंगतात. माझी काळजी करू नकोस.

तुझा भाऊ
जोनस


हाय घिल
पाचवा महिना, नववा दिवस

जोनस,

वासरू उभं राहिलं. त्याला सांग.

तुझा शब्द वाचला. तुला त्यात गंमत वाटते. कोर्टात जायचं ते मला, त्यामुळे मला वाटली नाही. शपथ का घ्यायची नाही हे मी लहानपणी आजीच्या मांडीवर शिकले, तूही तिथेच शिकलास. शपथ घेतली म्हणजे कबूल करायचं की एरवीचं माझं बोलणं तितकंसं खरं नसतं, आज मात्र खास खरं बोलते. माझ्याकडे दोन प्रकारचं खरं नाही. बाजारात बायका मोजे विकतात तेव्हा दर वर-खाली होतो, माझा होत नाही, आणि कुणी माझ्याशी घासाघीस करत नाही. इतकी वर्षं मला त्याचा अभिमान होता. अभिमान बरा नाही, पण होता.

महिन्याच्या सभेत मी हे सगळं मांडलं. बायका बसतात त्या बाजूला उठले आणि सांगितलं की असा असा माणूस आहे, तो मरेल, आणि त्याला वाचवायचं तर मला शपथ घ्यावी लागेल. मग बसले. कुणी बोललं नाही. आपल्यात कुणी बोललं नाही की हरकत नाही असं धरतात. लग्नाची परवानगी मागितली की असंच होतं, सगळे गप्प बसतात आणि मुलगी लाजत घरी जाते. पण ही शांतता तसली नव्हती. वडीलधाऱ्यांतला एझ्रा विलन टोपी डोळ्यांवर ओढून जमिनीकडे बघत बसला. इतकी शांतता की माझं पोट गुरगुरलेलं ऐकू गेलं. मी वाट पाहिली की कुणीतरी म्हणेल घे, किंवा म्हणेल घेऊ नकोस. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

घरी जाताना मार्जरी मेसन ओढ्याच्या पुलापर्यंत सोबत आली. आम्ही दोघी एकत्र विणायला शिकलो आहोत, तिची पहिली मुलगी माझ्या हातात जन्मली. पुलावर थांबून म्हणाली, "डॉर्कस, तू शपथ घेतलीस तर तुला सभेतून काढल्याचा कागद मलाच वाचावा लागेल. सध्या चिटणीस मी आहे."

मी म्हटलं, वाच मग, तुझा आवाज बरा आहे. ती हसली नाही.

मला काय करावं कळत नाही. हे मी दुसऱ्या कुणाला लिहिणार? तुला काढलं तेव्हा तू कसा राहिलास?

डॉर्कस


वॉल्मगेट, यॉर्क
३० मे

प्रिय बहीण,

कसा राहिलो? राहिलो. बाहेरच्या सुसानाशी लग्न केलं, चर्चमध्ये, पाद्र्यापुढे, आणि तुम्ही मला काढलं. आभाळ काही कोसळलं नाही. बाहेरही माणसं राहतात, डॉर्कस. ती हसतात, शेजाऱ्याला साखर देतात, म्हाताऱ्या आईला सांभाळतात. सुसाना गेल्यावर इथे लोकांनी मला एकटं पडू दिलं नाही. परवाच आमच्या मंडळींनी माझा वाढदिवस केला. तुम्ही लोक वाढदिवससुद्धा करत नाही.

गिल्बर्टकडे दर आठवड्याला जातो. तुझी अडचण त्याला सांगितली. वाटलं होतं रडेल, गयावया करेल. तो म्हणाला, तिने मला पाणी पाजलं, तेवढं पुरे, तिला तिच्या देवाशी भांडायला लावू नका. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याची बायको तिकडे स्कॉटलंडात, गॅलोवेत आहे, तिला अजून कळलेलंही नाही.

मी तुला काही सांगणार नव्हतो. पण आजोबांचं नाव तुझ्या मनात असणार, म्हणून सांगतो. आजोबा गप्प राहिले आणि मेले, ते स्वतः. त्यांनी शपथ नाकारली तेव्हा पणाला त्यांचीच मान होती. तू गप्प राहिलीस तर मान दुसऱ्याची जाईल.

जोनस


हाय घिल
सहावा महिना, अठ्ठाविसावा दिवस

जोनस,

तुझ्या पत्राचा शेवट वाचून मला तुझा इतका राग आला की पत्र चुलीत घालणार होते. मग रोज तेच डोक्यात. दूध काढताना तेच, सभेत बसल्यावर तेच.

मी येते आहे. गाय मार्जरीच्या मुलाकडे ठेवते, मार्जरीला मात्र काही बोलले नाही. ती विचारत नाही म्हणजे तिला कळलं आहे. लोकरीच्या गाडीवर जागा मिळते तिथवर येईन, पुढे चालत.

कॉफीहाऊसातल्या तुझ्या मंडळींना सांगून ठेव की राखाडी टोपडं घातलेली एक खडूस बाई येणार आहे.

डॉर्कस


वॉल्मगेट, यॉर्क
२१ जुलै

प्रिय बहीण,

असं कुणी जातं का? मी कोर्टातून धावत घरी आलो तर तुझी घोंगडी घडी करून खुर्चीवर, आणि तू नाहीस. शेजारीण म्हणाली, उन्हातच निघाली, पाणीसुद्धा प्यायली नाही. निकाल ऐकायला तरी थांबायचं होतंस. मी वेशीपर्यंत गेलो, पण माझ्या गुडघ्याने पुढे जाऊ दिलं नाही.

आधी निकाल. गिल्बर्ट सुटला.

आता बाकीचं लिहितो, कारण कठड्यात काय झालं ते तुला धड आठवतही नसणार. तुझा चेहरा मी वरच्या सज्जातून बघत होतो. ग्रंथ हातात दिला तेव्हा तू तो एखादं गरम भांडं धरावं तसा धरलास. कारकुनाने शब्द म्हटले. तू ओठ लावलेस. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, अरे, क्वेकरीण आणि शपथ? आणि हसला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही, मला तुझ्यावरून नजर काढता येत नव्हती.

तू सगळं नीट सांगितलंस. ताप, बर्फ, पेज, माळा. मग न्यायाधीशाने चष्मा वर केला. माणूस दुष्ट नव्हता, फक्त हुशार होता.

"तू क्वेकर आहेस ना? तुमच्यात शपथ म्हणजे पाप?"

"हो."

"म्हणजे आत्ता इथे सगळ्यांदेखत तू पाप केलंस."

"हो."

"मग जी बाई देवाला दिलेला शब्द मोडते, तिने आम्हाला दिलेला शब्द या बारा ज्युरींनी खरा का धरावा?"

सगळं कोर्ट हसलं. मी खाली बघितलं, डॉर्कस, मला वाटलं संपलं. तुझं सगळं आयुष्य त्यांनी तुझ्याकडून काढून घेतलं आणि तेच तुझ्याविरुद्ध वापरलं. कारकून तुला उतर म्हणाला. तू उतरली नाहीस. ज्युरींकडे वळलीस आणि सभेत उठून बोलतेस त्या आवाजात म्हणालीस, "शपथ न्यायाधीश म्हणतो तशी असेल तर सोडून द्या. मी तुम्हाला साधं सांगते. तो माझ्या गोठ्यात होता."

न्यायाधीशाने लगेच ज्युरींना बजावलं की शपथेवर आलं तेवढंच धरायचं. तोवर तू दाराबाहेर पडलेली होतीस.

ज्युरी डोकी जवळ घेऊन कुजबुजले आणि लगेच सरळ झाले. निर्दोष. त्यांचा म्होरक्या रिचमंडकडचा लोकरीचा व्यापारी होता. बाहेर मी त्याला गाठलं. तो म्हणाला, शपथ घेऊन सांगणारे आम्ही सकाळपासून ऐकत होतो, त्यातले निम्मे खोटारडे. पण तुमच्या डोंगरातल्या या लोकांकडून मी गेली कितीतरी वर्षं लोकर घेतो. ही बाई साधं सांगते म्हणाली तेव्हा मला पुढे काही ऐकायचंच नव्हतं.

गिल्बर्ट बाहेर आला आणि पायरीवर बसला. त्याला चालवत नव्हतं. मी त्याला माझ्याकडे आणला, तू झोपत होतीस तिथेच झोपला. आज सकाळी उत्तरेकडे गेला. तुझ्याकडे यायला त्याला लाज वाटते. का, ते त्याला सांगता आलं नाही.

तू कशी आहेस ते लिही.

जोनस


वॉल्मगेट, यॉर्क
१८ सप्टेंबर

प्रिय बहीण,

दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. लोकरीच्या गाडीवाल्याकडून कळलं की तुला काढलं. सभेत तुझ्यासमोर कागद वाचला म्हणे, आणि मार्जरीचा आवाज अर्ध्यात गेला, तेव्हा उरलेला दुसरीने वाचला. गाडीवाल्याने ते मला मजेची गोष्ट म्हणून सांगितलं.

आता माझं ऐक. काढलेल्या माणसाला परत घेतात, हे तुला माहीत आहे. दोन ओळी लिहून द्यायच्या की झालं ते चुकलं, मला पश्चात्ताप आहे. सभेत वाचतात, आणि झालं. एझ्रा घेऊन येईल असा कागद. तो आला की सही कर. भांडू नकोस, शब्दांवर अडू नकोस. तू एकटी राहतेस, डोंगराच्या टोकाला, तुझं पन्नासच्या वर वय. तुला या लोकांशिवाय कुणी नाही.

तू म्हणशील, तू का नाही केलीस? माझ्याकडेही एझ्राचा बाप कागद घेऊन आला होता. सुसानाशी लग्न केल्याचा मला पश्चात्ताप आहे, असं लिहायचं होतं. ती आत भाकरी भाजत होती, दार उघडं होतं. मी नाही केली सही. त्याचं पुढे काय झालं ते मला विचार. मे महिन्यात मी तुला बाहेरच्या जगाबद्दल जे लिहिलं ते विसर.

सही कर, डॉर्कस.

जोनस


हाय घिल
दहावा महिना, चौथा दिवस

जोनस,

उत्तर लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. बटाटे काढले. छपराच्या दगडी फरश्या घसरल्या होत्या, त्या स्वतः चढून बसवल्या. खाली उभं राहून हातात द्यायला कुणी नव्हतं, म्हणून एक एक वर नेली.

मला काढलं तेव्हा मी रडले नाही, मार्जरी रडली. ती माझ्याशी बोलते, वाईट वागत नाही कुणीच. भेटले की विचारतात गाय कशी आहे. पण पूर्वी बोलायचे तसं नाही बोलत. दारात आलेल्या परक्या माणसाशी आपण बोलतो ना, नीट, सावकाश, आत ये न म्हणता, तसं बोलतात. घरी आले की मी स्वतःशीच मोठ्याने बोलते, नाहीतर आवाज बसेल.

एझ्रा आणि मार्जरी काल आले होते. कागद लिहूनच आणला होता. एझ्रा खूप प्रेमाने बोलला, तुला खोटं वाटेल पण खरंच. तुझं जुलैचं पत्र मी मार्जरीला वाचायला दिलं होतं, ते त्यानेही वाचलं. तो म्हणाला, डॉर्कस, बघ, ज्युरींनी तुझं साधं बोलणंच मानलं. म्हणजे शपथ फुकटच गेली, तिने काहीच झालं नाही. मग ती चुकली असं म्हणायला तुला काय अडचण आहे?

मी म्हटलं, एझ्रा, शपथ घेतली नसती तर मला त्या कठड्यात पाऊल टाकू दिलं नसतं. साधं बोलायला जागा त्या शपथेने मिळाली.

त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. कागदाची सुरुवात होती, मी मनापासून अफर्म करते की मला पश्चात्ताप आहे. तुझा शब्द. मी म्हटलं, माझा भाऊ सांगतो की याचा अर्थ घट्ट करणे. खांब असेल तर बुडाशी दगड ठोकून तो घट्ट करता येईल. इथे खांबच नाही, मी काय घट्ट करू? दुःख आहे, हे लिही. रोज आहे, सकाळी उठल्यापासून आहे, हे लिही, मी आत्ता सही करते. तुमच्याशिवाय मला घर खायला उठतं, असं लिही. पश्चात्ताप लिहू नकोस. तो मी शोधून पाहिला, नाही सापडला. गिल्बर्ट फासावर गेला असता तरी नसता सापडला.

एझ्रा म्हणाला, नियमात दुःख चालत नाही, पश्चात्तापच लागतो. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच त्याची दया आली. मार्जरी म्हणाली, "एक शब्द तर आहे, डॉर्कस. लिहून टाक आणि ये. तुझ्याविना मला करमत नाही गं."

जोनस, पेन माझ्या हातात होतं. तिच्यासाठी मी खोटं लिहिलं असतं, इतकं मला तिथे परत जायचं आहे. पण मग मी परत गेले नसते. तिथे बसलेली बाई दुसरीच कुणीतरी झाली असती, आणि मार्जरीला ती पहिल्याच दिवशी कळली असती. मी पेन खाली ठेवलं. ती दोघं गेली. ओढ्यापर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते, मार्जरीने वळून पाहिलं नाही.

आता तुझ्याबद्दल. मी यॉर्कला आले तेव्हा तू शेजारणीकडे पेला मागायला गेलास, कारण तुझ्याकडे एकच होता. कॉफीहाऊसातलं कुणी आलं नाही, कुणी तुला रस्त्यात हाकही मारली नाही. मी काही बोलले नाही. तूही मला विचारू नकोस की मी कशी राहते.

सही कर म्हणून तू लिहिलंस, ते तू माझ्यासाठी लिहिलंस, कळतं मला. पण सुसाना आत भाकरी भाजत होती आणि तू सही केली नाहीस, हे वाचून मी बराच वेळ तुझं पत्र हातात घेऊन बसले. ते तू मला इतकी वर्षं सांगितलंच नव्हतंस. मी आपली समजत होते की तुझा हट्ट.

पहिल्या वारी, म्हणजे तुझ्या रविवारी, मी अजूनही सभाघरात जाते. कामकाजाच्या सभेत मला बसता येत नाही, पण उपासनेला बसायला कुणालाच मनाई नाही. दाराजवळच्या मागच्या बाकावर बसते. वारा येतो तिथे, म्हणून तो रिकामाच असतो. शांत बसणं सगळ्यांचं सारखंच असतं, त्या वेळात मला काही वेगळं वाटत नाही. ते संपतं तेव्हा वडीलधारे हस्तांदोलन करतात आणि मग ज्याने त्याने आपल्या शेजाऱ्याचा हात हातात घ्यायचा. त्या वेळी मी टोपड्याची नाडी बांधत बसते.

तुलाही त्या बाकावर बसायला मनाई नाही. कधीच नव्हती. हे तू कुणाला विचारलं नाहीस, आणि तुला कुणी सांगितलं नाही, मीसुद्धा. गुडघ्याचं कारण नको सांगूस, लोकरीची गाडी थेट ओढ्यापर्यंत येते. बर्फ पडायच्या आत ये आणि माझ्या शेजारी बस.

डॉर्कस